अर्धवट राहिलेल्या पुस्तकांचं काय करायचं

ज्यांच्या उशाशी दोन-चार पुस्तकं महिनोन्‌महिने पडून आहेत, बुकमार्क तिथल्या तिथे, पुढे वाचवत नाही आणि उचलून कपाटात ठेवायलाही हात धजत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. याबाबतीत सल्ले मिळतात ते बहुतेक दोन टोकांचे. एक पार्टी म्हणते सुरू केलंय ना, मग संपवलंच पाहिजे. दुसरी म्हणते आयुष्य लहान आहे, बोअर झालं की ठेवून द्या आणि पुढचं घ्या. मला दोन्ही अर्धवटच पटतात, कारण पुस्तक नेमकं कशामुळे अडलं हे दोन्हीकडे कुणी विचारतच नाही, आणि सगळा मुद्दा तर तिथेच आहे. एकाच पुस्तकाला चार जण वैतागतात पण चौघांची कारणं वेगळी निघतात, एकाला नावं लक्षात राहत नाहीत, एकाला भाषांतर टोचतंय, एकाची वेळ चुकलीय आणि चौथ्याला ते पुस्तक खरंच आवडलेलं नाहीये. यातल्या फक्त चौथ्याने ते सोडायला हवं. बाकीच्या तिघांचं त्या पुस्तकाशी मुळात भांडणच नाही.

म्हणजे आधी कारण शोधायचं आणि मग ठरवायचं. पण त्याआधी ती अपराधी भावना बाजूला ठेवा, कारण ती मनात असली की कारण धड दिसत नाही. सॅम्युएल जॉन्सन, ज्याने इंग्रजीचा तो प्रचंड शब्दकोश रचला तो, त्याला 1773 मध्ये एकाने एका नव्या, गाजत असलेल्या पुस्तकाबद्दल विचारलं. तो म्हणाला चाळलंय. म्हणजे पूर्ण नाही वाचलं? तर जॉन्सनने उलट विचारलं, तुम्ही पुस्तकं पूर्ण वाचता? फ्रेंच निबंधकार माँतेन्यने सोळाव्या शतकातच लिहून ठेवलंय की एखादा अवघड भाग आला तर मी एक-दोनदा भिडून बघतो आणि नाही जमलं तर सोडून देतो, एका पुस्तकाचा कंटाळा आला तर दुसरं घेतो. आणि दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने, जो स्वतः शाळेत शिकवायचा, 1992 मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले त्यात पहिला हक्क न वाचण्याचा, दुसरा पानं गाळायचा आणि तिसरा पुस्तक पूर्ण न करण्याचा. मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून झटणारा माणूस हे म्हणतोय, हे लक्षात घ्या. जबरदस्तीने वाचून वाचनाची सवय लागत नाही, उलट सुटते. एक नकोसं पुस्तक संपवायच्या नादात सगळंच वाचन बंद पडलेले लोक तुमच्याही ओळखीत असतील.

आधी ते पान शोधा

पुस्तक हातात घ्या, बुकमार्क असेल तिथून चाळीस-पन्नास पानं मागे जा आणि भराभर नजर फिरवत पुढे या. तुम्हाला एक जागा सापडतेच जिथपर्यंत सगळं आठवतंय आणि जिथून पुढे डोळे ओळींवरून गेलेत पण डोक्यात काहीच उतरलेलं नाही. ती जागा बुकमार्कच्या बरीच मागे असते. म्हणजे आपण सोडलं पान 140 ला, पण प्रत्यक्षात आपण निसटलो होतो 96 लाच, मधली पानं नुसती उलटली. त्या 96 वर काय घडतंय ते नीट वाचा. नवं पात्र आलंय का, काळ बदललाय का, निवेदक बदललाय का, की लेखकाने गोष्ट थांबवून भाषण सुरू केलंय? की पुस्तकात काहीच झालेलं नाही आणि त्या आठवड्यात तुमच्याच डोक्याला दुसरे ताप होते?

हे कसं करायचं याचं मला आवडलेलं उदाहरण इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फचं आहे. 1922 च्या ऑगस्टमध्ये ती जेम्स जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी वाचत होती आणि डायरीत तिने लिहिलं की 200 पानं झालीत, पहिले दोन-तीन भाग, म्हणजे स्मशानातल्या प्रसंगापर्यंत, मजा आली, गुंतले, आणि मग गोंधळ, कंटाळा, चिडचिड. बघा, 'आवडलं नाही' एवढ्यावर ती थांबलेली नाही, कुठपर्यंत आवडलं आणि कुठून बिनसलं हे तिने नोंदवलंय. ते पुस्तक तिने पुढच्या महिन्यात संपवलं, तरी मत बदललं नाहीच, नेम चुकलेलं पुस्तक असंच ती म्हणाली. तिचं मत बरोबर की चूक हा वेगळा विषय आहे आणि मला स्वतःला ते पटत नाही, पण नावडण्याची पद्धत शिकावी तर तिच्याकडून.

मग कारण कुठलं आहे ते बघा

सगळ्यात जास्त लोक अडतात ते नावांपाशी, आणि याचा इलाज सगळ्यात सोपा आहे. रशियन कादंबऱ्या यासाठी बदनाम आहेत. 'क्राइम अँड पनिशमेंट' घ्या. नायक रास्कोल्निकोव. पण लोक त्याला रोदिओन रोमानोविच म्हणतात आणि त्याची आई म्हणते रोद्या. त्याची बहीण अवदोत्या रोमानोव्हना, तीच दून्या, तीच दुनेच्का. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं घरात सहा माणसं आहेत, असतात दोन. यातली किल्ली अशी आहे की मधलं नाव वडिलांवरून येतं, वडील रोमान म्हणून मुलगा रोमानोविच आणि मुलगी रोमानोव्हना, त्यामुळे सख्ख्या भावंडांची मधली नावं जुळतात. अनोळखी माणसं, ऑफिसातली वगैरे, पहिलं आणि मधलं नाव मिळून हाक मारतात, घरचे छोटं नाव वापरतात, म्हणजे कोण कुणाला काय म्हणतंय यावरूनच त्यांचं नातं कळतं. हे एकदा समजलं की जे ओझं वाटत होतं तेच मदतीला येतं. एक कोरा कागद दुमडून पुस्तकात ठेवा, नवं पात्र आलं की एका ओळीत त्याची सगळी नावं आणि कुणाचा कोण ते लिहा, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणानंतर तो कागद बघायची गरजही पडत नाही. मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये तर पिढ्यान्‌पिढ्या तीच नावं फिरतात, एका कर्नलच्या 17 मुलांची नावं ऑरेलियानोच आहेत, तिथे बऱ्याच आवृत्त्यांमध्ये सुरुवातीला वंशावळ छापलेली असते तिचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. पण तिथे थोडं सैल सोडायलाही हरकत नाही, नावं एकमेकांत मिसळावीत असंच त्या कादंबरीला हवंय, प्रत्येक वेळी कोणता ऑरेलियानो हे शोधत बसलात तर दमून जाल.

दुसरं कारण भाषांतर. याकडे कुणी बघतच नाही आणि खापर फुटतं लेखकावर. चाचणी सोपी आहे, कुठलंही एक पान मोठ्याने वाचा. वाक्य उच्चारताना दम लागतोय, क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत कर्ता विसरला जातोय, संवाद असे की कुणी माणूस तसं बोलणार नाही, तर दोष बहुधा भाषांतराचा आहे. अशा वेळी पुस्तक सोडायच्या ऐवजी भाषांतर बदला. जगातल्या मोठ्या पुस्तकांची अनेक भाषांतरं असतात, त्यांच्या नमुन्याची पहिली पानं ऑनलाइन बघायला मिळतात, दोन-तीन भाषांतरांचा तोच परिच्छेद शेजारी ठेवून वाचा आणि जे कानाला बरं लागतं ते घ्या. जुनी भाषांतरं कॉपीराइट संपल्यामुळे फुकट मिळतात म्हणून बरेच जण तीच डाउनलोड करतात, त्यातली काही उत्तम आहेत पण काहींची भाषा शंभर वर्षांपूर्वीची असते, मूळ पुस्तक अवघड नसतं, ती भाषा जुनी झालेली असते. मराठीत चांगलं भाषांतर मिळत नसेल तर हिंदीत किंवा इंग्रजीत बघा आणि उलटही करा, इंग्रजी जड जात असेल तर मराठी शोधा, त्यात कमीपणा कसला.

तिसरं, पुस्तक मध्येच गोष्ट सोडून दुसरीकडे जातं. 'मोबी डिक' या देवमाशाच्या शिकारीवरच्या कादंबरीत प्रकरणं 135 आणि वर एक उपसंहार. बरेच लोक 32 व्या प्रकरणाला बाहेर पडतात, कारण जहाज नुकतंच निघालंय, तो कॅप्टन आता कुठे दिसलाय आणि लेखक अचानक देवमाशांचं वर्गीकरण करायला बसतो, तेही पुस्तकांच्या आकारांनुसार, मोठे देवमासे फोलिओ, मधले ऑक्टाव्हो, छोटे ड्युओडेसिमो. मला ते प्रकरण फार आवडतं, पण ज्याला गोष्ट हवीय त्याचा विरस होणार हेही कळतं. इथे सरळ स्किप करा. प्रकरणं लहान लहान आहेत, शीर्षकावरूनच कळतं की हे माशांच्या चरबीबद्दल आहे की जहाजावर काही घडतंय. आणि पानं गाळणं म्हणजे लेखकाचा अपमान असं वाटत असेल तर टॉल्स्टॉयचं बघा, 'वॉर अँड पीस' 1869 मध्ये पूर्ण झालं आणि 1873 च्या आवृत्तीत त्याने स्वतःच इतिहासाबद्दलचं बरंचसं चिंतन कथेतून काढून शेवटी परिशिष्टात टाकलं होतं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते परत जागेवर आलं हा भाग वेगळा, पण गोष्ट आणि चिंतन वेगवेगळं वाचता येतं हे खुद्द लेखकाला मान्य होतं एकेकाळी. उपसंहाराचा दुसरा भाग तर जवळजवळ निबंधच आहे, तो न वाचता थांबलात तरी नताशा आणि पिएरचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळलेलं असतं, आणि मी तरी म्हणेन की तुम्ही ती कादंबरी वाचलीय.

एक मात्र सांभाळा. गाळताना प्रकरणाच्या प्रकरणं गाळा, ओळी गाळू नका. प्रत्येक पानावरच्या अर्ध्या ओळी सोडत जाणं हे सगळ्यात वाईट, त्यात ना कथा हाती लागते ना भाषा, आणि पुस्तक वाईट आहे असं खोटंच मत तयार होतं.

मग फॉरमॅट. रात्री झोपताना मोबाइलवर सहाशे पानांची कादंबरी वाचणारे मला भेटतात आणि म्हणतात जमत नाही, अहो कसं जमणार, दर मिनिटाला वरून नोटिफिकेशन टपकतंय. जी पुस्तकं लांब वाक्यांची आहेत, ज्यात निवेदक बोलत सुटतो, ती ऐकायला जास्त बरी पडतात, चांगल्या वाचणाऱ्याचं ऑडिओबुक घ्या, विरामचिन्हांचं काम तो करतो. याच्या उलट ज्यात मागे जाऊन बघावं लागतं, नकाशे आहेत, टिपा आहेत, ती छापील घ्या, कारण स्क्रीनवर मागे-पुढे करणं वैताग आणतं. ई-रीडर असेल तर फॉन्ट एक नंबर मोठा करून बघा आणि ओळींमधलं अंतर वाढवा, एवढ्याशा गोष्टीने पुस्तक सुटसुटीत वाटायला लागतं. आणि खाली टक्केवारी दिसत असेल तर ती बंद करा, दर पानाला 11 टक्के, 11 टक्के, 11 टक्के बघून कुणाचाही उत्साह मावळेल.

वेळ चुकणं हे कारण ओळखायला अवघड, कारण तिथे पुस्तकात काही सापडत नाही. घरात आजारपण आहे, परीक्षा आहे, नोकरी बदलताय, बाळ लहान आहे, अशा दिवसांत डोक्याला सलग धागा धरवत नाही. कुणी गेल्याचं दुःख ताजं असताना मृत्यूवरचं पुस्तक काहींना आधार देतं आणि काहींना दोन पानंही सहन होत नाहीत. ओळखायची खूण अशी की त्या दिवसांत तुम्हाला दुसरंही काही वाचवत नव्हतं. एरवी पटकन संपणारी कथाही हातातून गळत होती. तसं असेल तर या पुस्तकावर निकालच देऊ नका, तारीख लिहून ठेवून द्या आणि सध्या आधी वाचलेलं, आवडलेलं काहीतरी परत वाचा.

आता अपेक्षेची गोष्ट. मलपृष्ठावर लिहिलेलं असतं थरारक, गुंतवून ठेवणारी वगैरे, आणि आत एक शांत, हळू चालणारी कादंबरी असते. किंवा सगळे म्हणत असतात आयुष्य बदलून टाकणारं पुस्तक, आणि तुम्ही पानापानावर वाट बघताय कधी बदलतंय. अशा वेळी एक प्रकरण असं वाचा की जणू या पुस्तकाबद्दल तुम्ही काहीच ऐकलेलं नाही. जमलं तर पुढे जा.

आणि शेवटचं कारण म्हणजे पुस्तक खरोखर न आवडणं. निवेदकाचा आवाज सहन होत नाही, लेखकाची बायकांकडे किंवा गरिबांकडे बघायची नजर खटकते, क्रौर्य चवीने रंगवलंय असं वाटतं, विचार पोकळ वाटतात. यात आवाजाचा निकाल लवकर लावता येतो. नेमाड्यांची 'कोसला' 1963 ची, तिच्यात पांडुरंग सांगवीकरचं ते उदाहरणार्थ आणि वगैरे वगैरे पहिल्या पानापासून सुरू होतं, काही वाचक दहा पानांत त्या आवाजाच्या प्रेमात पडतात आणि काहींना दहा पानांत तो असह्य होतो. दोन्ही वाचक प्रामाणिक आहेत. पण तो आवाज शेवटपर्यंत सोबत राहणार आहे, पुढे कधीतरी बदलेल म्हणून दात-ओठ खाऊन वाचण्यात काही अर्थ नाही. नजर खटकत असेल तर मात्र जरा थांबून बघा की ही नजर लेखकाची आहे की त्या पात्राची. कधी कधी लेखक मुद्दाम आपल्याला एका वाईट माणसाच्या डोक्यात बसवतो आणि तिथे अस्वस्थ वाटणं अपेक्षितच असतं. तरीही नको असेल तर सोडा, खुशाल सोडा, तुमचं मन तुम्हाला माहीत.

किती पानं द्यायची

अमेरिकेतल्या नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंचा नियम बऱ्याच जणांना माहीत असेल, 50 पानं वाचा आणि नाही जमलं तर ठेवा, आणि तुमचं वय पन्नाशीच्या पुढे असेल तर 100 मधून वय वजा करा, जे उरेल तेवढी पानं पुरे. म्हणजे साठीतल्या माणसाने 40, ऐंशीतल्याने 20. मला यातला वयाचा भाग मनापासून आवडतो, कारण उरलेला वेळ मौल्यवान आहे हे तो मान्य करतो.

पण सगळ्या पुस्तकांना 50 पानांचा नियम लागू पडत नाही. उंबेर्तो एकोच्या 'द नेम ऑफ द रोझ' या एका मठात घडणाऱ्या कादंबरीची पहिली शंभर पानं फार जड आहेत, कमी करा, असं त्याला मित्रांनी आणि प्रकाशनातल्या लोकांनी सांगितलं होतं. त्याने नकार दिला. त्याचं म्हणणं असं की ज्याला त्या मठात येऊन सात दिवस राहायचंय त्याने मठाची गती स्वीकारली पाहिजे, आणि ती नाही जमली तर तो पहिल्या शंभर पानांच्या पुढे जाणारच नाही. म्हणजे तिथे 50 पानांवर सोडणारा माणूस लेखकाने बांधलेल्या दारातच थांबलेला असतो. म्हणून मी पानांच्या आकड्यापेक्षा पुस्तकाची रचना बघतो. अनुक्रमणिका उघडा आणि पहिला भाग कुठे संपतो ते बघा, तिथपर्यंत वाचा. कथासंग्रह असेल तर पहिली कथा आणि मधली कुठलीही एक कथा, दोन्ही नाही आवडल्या तर बंद. रहस्यकथा असेल तर गुन्हा घडेपर्यंत थांबा, त्याच्या आधी कंटाळा येणं बऱ्याचदा साहजिक आहे. आणि प्रकरणाच्या मध्येच कधी निर्णय घेऊ नका, प्रकरण संपवा, एक रात्र जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी पुढे काय होईल याची जराही उत्सुकता वाटत नसेल तर तेच उत्तर.

पैसे गेलेत म्हणून वाचणं हा एक वेगळाच सापळा आहे. 1985 मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी एक प्रयोग छापला होता, नाटकांच्या सीझनची तिकिटं त्यांनी काही लोकांना पूर्ण किमतीत आणि काहींना सवलतीत दिली, कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण किंमत मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती, फरक फक्त गेलेल्या पैशांचा. पुस्तकाचंही हेच होतं, आणि जाड पुस्तकाचं तर जास्तच, कारण तिथे पैशांबरोबर आधी वाचलेल्या तीनशे पानांचाही हिशोब मनात चालू असतो. म्हणून स्वतःला असं विचारा की हे पुस्तक मला आज कुणी फुकट दिलं असतं आणि मी या पानापासून पुढचंच वाचायचं असतं तर वाचलं असतं का? मागची तीनशे पानं तर कुठे जात नाहीत, त्यात जे मिळालं ते मिळालं.

माहितीपर पुस्तकांचं गणित वेगळं

जॉर्डन एलेनबर्ग नावाच्या गणितज्ञाने 2014 मध्ये एक गंमत केली होती. किंडलवर वाचकांनी सर्वात जास्त अधोरेखित केलेल्या पाच जागा घ्यायच्या, त्यांच्या पान क्रमांकांची सरासरी काढायची आणि ती एकूण पानांशी ताडून बघायची. लोक शेवटपर्यंत पोचत असतील तर खुणा पुस्तकभर पसरलेल्या दिसतील, सुरुवातीलाच गळत असतील तर सगळ्या खुणा पहिल्या काही पानांत. स्टीफन हॉकिंगच्या 1988 च्या प्रसिद्ध पुस्तकाचा आकडा आला 6.6 टक्के, आणि अर्थतज्ज्ञ तॉमा पिकेटीच्या भांडवलावरच्या जाडजूड ग्रंथाचा 2.4 टक्के. हे काही शास्त्रीय मोजमाप नाही, त्याने स्वतःच ते मजेत घ्या म्हटलं होतं, पण चित्र ओळखीचं आहे.

माझं म्हणणं असं की अशा पुस्तकांच्या बाबतीत लोकांची पद्धतच चुकते, ते कादंबरीसारखं पान एकपासून निघतात. माहितीपर पुस्तक तसं वाचायची गरज नसते. आधी प्रस्तावना पूर्ण वाचा, बहुतेक लेखक तिथेच सगळा मुद्दा सांगून टाकतात. मग शेवटचं प्रकरण. मग मागची सूची उघडा, तुम्हाला ज्याच्याबद्दल खरंच प्रश्न आहे तो शब्द शोधा आणि ती पानं वाचा. त्यातून उत्सुकता वाढली तर ते प्रकरण, आणि तरीही वाढली तर सगळं. स्वतःला सुधारायची जी पुस्तकं असतात त्यातली बरीचशी एका लेखाएवढ्या विचाराला दोनशे पानं ताणून केलेली असतात, पहिल्या दोन प्रकरणांत विचार संपतो आणि पुढे उदाहरणांवर उदाहरणं, तिथे थांबलात तर तुमचं काहीही बुडत नाही. विज्ञानाचं पुस्तक अडलं असेल तर बऱ्याचदा त्याच विषयावरचं सोपं, शाळकरी मुलांसाठी लिहिलेलं एखादं आधी वाचलं की ते अवघड पुस्तक मोकळं होतं. हे करायला मोठ्यांना लाज वाटते, वाटू देऊ नका.

सोडायचं ठरलं तर नीट सोडा

नुसतं उशाशी पडू देणं म्हणजे सोडणं नव्हे. ते तिथे राहतं आणि रोज नजरेला पडतं आणि त्याच्यामुळे दुसरंही उचललं जात नाही. एक वही करा किंवा फोनमध्ये एक नोट, आणि त्यात तीन-चार ओळी लिहा. पुस्तकाचं नाव, महिना आणि वर्ष, कुठल्या पानावर निसटलं, कशामुळे, आणि त्यातलं काय आवडलं होतं. हे शेवटचं जरूर लिहा. उदाहरणार्थ, 'पान 96, निवेदक बदलला आणि नवा निवेदक सगळं समजावून सांगत बसला, पण नदीच्या पुराचं वर्णन जबरदस्त.' एवढं पुरे. अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की वाचून बघा, तुमची आवड तुम्हाला दिसायला लागते, म्हणजे कळतं की अरे, मला हळू पुस्तकं चालतात पण समजावून सांगणारी चालत नाहीत, किंवा युद्धाची चालतात पण दरबारी राजकारणाची नाही. पुढचं पुस्तक निवडताना याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याही स्टार रेटिंगचा होत नाही.

मग पुस्तक नजरेआड करा. लायब्ररीचं असेल तर परत द्या, तुमच्या मागे नंबर लावून कुणीतरी थांबलेलं असू शकतं. स्वतःचं असेल आणि परत वाचायची शक्यता वाटत असेल तर कपाटात, नसेल तर ज्याला आवडेल अशा माणसाला द्या. कुणीतरी प्रेमाने भेट दिलेलं पुस्तक असेल तर खोटं बोलायची गरज नाही, 'संपवू शकलो नाही, पण तो पुराचा भाग फार आवडला, तुला यातलं काय आवडलं होतं?' असं विचारा. देणाऱ्याला आपण ते उघडून मनापासून वाचायला घेतलं होतं हे कळतं, आणि त्याच्या उत्तरातून कधी कधी पुस्तकाचं दार उघडतंही, कारण तो म्हणतो अरे तू तीस पानं आधी थांबलास.

वाचनगटात असाल तर न संपवता जायला हरकत नाही, पण कुठे थांबलात ते सांगा. हेच नावडलेल्या पुस्तकाबद्दल लिहिताना. 'भंगार पुस्तक' म्हणून एक स्टार देणारा आणि '120 पानांवर सोडलं, कारण संवाद मला कृत्रिम वाटले, हे बघा दोन नमुने' असं लिहिणारा, यातल्या दुसऱ्याचं मत वाचणाऱ्याच्या कामाचं, कारण वाचणारा स्वतः ठरवू शकतो की त्याला ते संवाद खटकतील का. टॉल्स्टॉयला शेक्सपिअर अजिबात आवडायचा नाही. पण त्याने नुसती शेरेबाजी केली नाही, आयुष्यात वेगवेगळ्या वयात, रशियन, इंग्रजी आणि जर्मनमधून परत परत वाचून बघितला, आणि 1906 मध्ये छापलेल्या निबंधात 'किंग लिअर' प्रवेशामागून प्रवेश उलगडत हे मला का पटत नाही ते दाखवलं. जॉर्ज ऑरवेलने 1947 मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिलं. मी ऑरवेलच्या बाजूने आहे, पण एवढं चांगलं उत्तर मिळालं ते आक्षेप मुद्देसूद होता म्हणूनच. आणि जे पुस्तक तुम्ही वाचलेलंच नाही, फक्त दहा पानं चाळलीत, त्याच्या लेखकावर जाहीर तोंडसुख घेऊ नका, कुणीतरी त्यावर वर्षानुवर्षं राबलेलं असतं. 1912 मध्ये फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तच्या हस्तलिखिताला नकार देणाऱ्यांत लेखक आंद्रे जीद होता, आणि 1914 मध्ये त्याने प्रूस्तला पत्र लिहून ही आपल्या प्रकाशनसंस्थेची सगळ्यात गंभीर चूक म्हणून कबूल केलं. ओझरतं बघून मत बनवण्याचं हे असं होतं, जीदसारख्या जाणकाराचंही.

परत उचलायचं तेव्हा

वर्षातून एकदा ती यादी वाचा. ज्यांच्यापुढे 'वेळ चुकली', 'भाषांतर' किंवा 'नावं' असं लिहिलंय त्यातलं एखादं निवडा, एका वेळी एकच. ज्यांच्यापुढे आवाज किंवा नजर लिहिलंय त्यांना सध्या हात लावू नका, आपलं वय आणि अनुभव बदलला की तिथे मत बदलू शकतं पण त्याला वर्षं लागतात, वीस-बावीसाव्या वर्षी कंटाळवाणी वाटलेली संसाराची कादंबरी चाळिशीत वेगळीच लागते हे खूप जणांचं होतं. सुरुवात कुठून करायची हाही प्रश्न असतो. काही आठवडेच झाले असतील तर जिथे निसटलात त्याच्या एक प्रकरण मागून. वर्ष उलटलं असेल तर पहिल्या पानापासून, पण पहिला भाग जरा वेगात, कारण बरंचसं वाचताना आठवत जातं. यावेळी पुस्तकासाठी दिवसातली एक ठरलेली वेळ द्या, कमी का असेना, आणि सोबत हलकं दुसरं पुस्तक ठेवा म्हणजे याच्यावर ताण येत नाही. नोंदवलेलं ते 96 नंबरचं पान जवळ आलं की त्या दिवशी मुद्दाम जास्त वेळ काढा आणि ते प्रकरण एका बैठकीत ओलांडा, तुकड्या-तुकड्यात नको. आणि त्याच पानावर त्याच कारणाने परत अडलात तर मात्र तिसरी संधी देऊ नका, नोंदीसमोर तारीख घाला आणि ज्याला हवंय त्याच्या हाती ते पुस्तक सोपवा.